रंग पक्का होईपर्यंत

कोळेगावात हणमंत नावाचा एक भोळा गिरणीवाला राहत होता. भोळा म्हणजे किती, तर एकदा एका पाहुण्यानं त्याला स्टँडवर सांगितलं, "जरा इथं थांबा, आलोच." पाहुण्याची गाडी आली, पाहुणा पुण्याला गेला. हणमंत अंधार पडेपर्यंत तिथंच उभा. शेवटी त्याची थोरली बहीण सिंधूआक्का येऊन त्याला दंडाला धरून घेऊन गेली.

पण एक गुण त्याच्यात होता. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरायचा नाही. खरी पंचाईत तीच होती.

हणमंताची बायको कांचन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तिचे वडील सर्जेरावमामा विमानदलातून निवृत्त झालेले. उभी हयात विमानांचे नटबोल्ट आवळण्यात गेली, त्यामुळे बोलणंही आवळलेलंच. त्यांच्या कपाटात प्लास्टिकच्या विमानाचं एक खोकं बरीच वर्षं पडून होतं. नाकावर पंखा असलेलं, शिकाऊ वैमानिकांचं जुनं विमान. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे, की हुबेहूब विमान. मामांना ते नातवंडाच्या पाळण्यावर टांगायचं होतं. पण आता त्यांचे हात थरथरायला लागले होते.

त्यांनी ते खोकं जावयाच्या हातात दिलं.

"जावईबापू, हे तुम्ही जोडायचं. नीट झालं तर बारशादिवशीच मायलेकरांना घरी घेऊन जा."

"आणि नाही झालं तर?"

"तर ती दोघं इथंच राहतील. ज्याला प्लास्टिकचं विमान सांभाळता येत नाही, त्याच्या हातात मी तान्हं पोर देणार नाही."

कांचन दाराआडून ऐकत होती. निघताना ती त्याला हळूच म्हणाली, "अहो, मला लवकर घरी यायचंय. तेवढं विमान करा."

कांचन गेल्यापासून त्याला घर खायला उठत होतं. घरी पोचल्या पोचल्या त्यानं खोकं उघडलं, चिकटवायच्या सोलुशनची बाटली उघडली आणि पंखाच्या दोन फाळक्यांमध्ये सोलुशन असं थापलं, जसं वड्याला पीठ. वरून अंगठ्यानं दाबून धरलं. प्लास्टिक वितळलं. पंखावर हणमंताचा अंगठा उमटला, अगदी रेघांसकट.

विमान बुटाच्या खोक्यात घालून तो सासुरवाडीला गेला. मामांनी भिंग लावून अंगठा बघितला.

"सही कुठाय?" त्यांनी विचारलं.

"करू का?"

मामांनी भिंग खाली ठेवलं. "बिघडलं तर बिघडलं. खळग्यात पुट्टी भरा, वाळली की पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा करा. आणि लक्षात ठेवा, बाटलीतलं घालायचं ते सुईच्या टोकावर येईल एवढंच. जास्त घातलं की नासलं."

हणमंतानं मान डोलावली. आता चूक होणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिरणी उघडली. बेअरिंगला तेल घालायची वेळ झाली होती. तेल बाटलीतच होतं. हणमंतानं सुई शोधली, टोक तेलात बुडवलं आणि बेअरिंगला टेकवलं. गिरणी आधी कुरकुरली, मग किंचाळली, मग धूर सोडून बसली. गावातली दळणं रांगेत राहिली. त्या दिवशी कोळेगावात घरोघरी भात शिजला.

सिंधूआक्का कमरेला पदर खोचून आली. ती शेजारच्याच घरात राहायची आणि वडिलांच्या हाताखाली गिरणी चालवायला शिकलेली होती.

"अरं हणमा, तेल घातलं न्हाईस व्हय?"

"घातलं की. सुईच्या टोकावर."

आक्कानं कपाळाला हात लावला. "बाबा म्हणायचं ते इसरलास काय? गरगर फिरणारं जे असंल, त्याला तेल घालताना हात आखडायचा न्हाई. पाक भिजूस्तवर घालायचं."

हणमंतानं मान डोलावली. आता चूक होणार नव्हती.

त्या आठवड्यात विमानाचा पंख घासून गुळगुळीत झाला. शेपटी बसली, चाकं बसली. नाकावरचा पंखा बसला. हणमंतानं बोटानं टिचकी मारली, पंखा गरगर फिरला. त्यानं लगेच तेलाची बुधली आणली आणि हात न आखडता ओतली. विमान पाक भिजलं. मग तो रंगवायला बसला. रंग एका बाजूनं लावावा तर दुसऱ्या बाजूनं ओघळावा. पंखांवर रंगाचे नुसते थेंब थेंब. विमानाला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

पुन्हा बुटाचं खोकं, पुन्हा एस.टी., पुन्हा मामांचं भिंग.

"जावईबापू, हे तळलंत का?"

"नाही. फिरतं म्हणून तेल घातलं."

मामांनी तेलकट बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, "बिघडलं तर बिघडलं. पुन्हा करा. तेलकट वस्तू दिसली की आधी साबणाच्या पाण्यात धुवायची. बोटाला तेल लागेनासं होईपर्यंत. मग उन्हात खडखडीत वाळवायची. त्याशिवाय पुढचं काम नाही."

हणमंतानं मान डोलावली. आता चूक होणार नव्हती.

आणि खरंच, विमान त्यानं लख्ख धुतलं आणि उन्हात ठेवलं. मग हात पुसायला फडकं शोधत तो आक्काच्या स्वयंपाकघरात शिरला. आक्का बाजाराला गेली होती. फळीवर कैरीच्या लोणच्याची बरणी होती. हणमंतानं आत डोकावलं. वर बोटभर तेल तरंगत होतं.

त्याला आक्काची कणव आली. एवढी कामाची बाई, पण हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. त्यानं सगळ्या फोडी परातीत काढल्या, साबणाच्या पाण्यात चोळून धुतल्या, बोटाला तेल लागेनासं झाल्यावर अंगणात खाटेवर मांडल्या.

आक्का परत आली. खाटेवर वर्षभराचं लोणचं पांढरंफटक होऊन पडलं होतं. एका फोडीला फेस होता. ती मटकन उंबऱ्यावर बसली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

"हणमा, ह्ये काय केलंस रं?"

"तेलकट होतं. स्वच्छ केलं."

"मुडद्या, लोणचं बरणीत भरायचं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा आन् अंधारात ठिऊन द्यायचं. मुरतंय ते. चांगली चीज अशी उघड्यावर ठिवत न्हाईत."

हणमंतानं मान डोलावली. चांगली चीज, दादरा, अंधार. आता चूक होणार नव्हती.

मध्यंतरी कांचन बाळंत झाली. मुलगी झाली. हणमंत मुलगी बघून आला आणि गिरणीत येणाऱ्या प्रत्येकाला तिच्या मुठी कशा आहेत ते स्वतःच्या मुठी वळून दाखवत राहिला. पीठ सांडलं ते सांडलं. बारसं सव्वा महिन्यानं ठरलं. आता विमान व्हायलाच पाहिजे होतं.

त्यानं जीव लावून रंग दिला. वरून पिवळा, पोटाला रुपेरी. इतका सुरेख बसला की हणमंताला स्वतःचंच कौतुक वाटलं. चांगली चीज झाली होती. त्यानं ओल्या विमानाला चहूबाजूंनी दादरा गुंडाळला, बरणीत घातलं आणि फळीवर अंधारात मुरायला ठेवलं.

चार दिवसांनी काढलं तेव्हा पिवळ्या रंगात दादऱ्याचे धागे रुतले होते. विमानाला लव फुटली होती.

मामांनी या वेळी भिंग घेतलंच नाही. हातानंच चाचपलं.

"हे उडणारं आहे का चरणारं?" त्यांनी विचारलं.

बारसं जवळ आलं होतं. आतल्या खोलीतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, कांचनचं 'गप गं बाई' ऐकू येत होतं, आणि त्याला त्या दोघींना घरी न्यायचं होतं. "मामा, सांगतात तसंच करतो हो मी," तो म्हणाला.

मामा विरघळले. त्यांनी त्याला जवळ बसवलं आणि एकेक गोष्ट शांतपणे सांगितली.

"बिघडलं तर बिघडलं. घासा, पुन्हा रंगवा. रंगवलं की पक्का होईपर्यंत कुणालाही हात लावू द्यायचा नाही. जागचं हलवायचं नाही. धूळ बसू नये म्हणून वर कोंबड्यांचं डालगं पालथं घाला. खोक्यात हे पाण्यात भिजवून चिकटवायचं विमानाचं नाव आहे ना, ते रंग पक्का झाल्याशिवाय लावायचं नाही. घाईनं नाव लावलं की बुडबुडे येतात."

"आणि आले तर?"

"तर बारीक सुईनं टोचायचे."

हणमंतानं मान डोलावली. आता चूक होणार नव्हती.

आणि झाली नाही. त्यानं घासलं, रंगवलं, डालगं पालथं घातलं. डालग्याबाहेर राहिलेल्या कोंबड्या चार दिवस घरभर हिंडल्या, पण त्यानं डालगं उचललं नाही. रंग पक्का झाल्यावर नाव लावलं. एकही बुडबुडा नाही.

बारशाच्या दिवशी मामांनी विमान हातात घेतलं. खिडकीशी नेलं. भिंगातून नाकापासून शेपटीपर्यंत बघितलं. मग स्वतः स्टुलावर चढून थरथरत्या हातांनी पाळण्यावर टांगलं. खाली उतरून डोळे पुसले आणि म्हणाले, "घेऊन जा तुमची माणसं."

कांचनच्या पिशव्या बांधलेल्याच होत्या. दारात रिक्षा उभी राहिली. पिशव्या रिक्षात गेल्या. घरात बायका जमल्या, घुगऱ्यांची पातेली आली. बाळाला न्हाऊमाखू घालून, अंगडं-टोपडं चढवून पाळण्यात निजवलं. सिंधूआक्का आत्या म्हणून नवं लुगडं नेसून पुढं झाली. हणमंत भिंतीला टेकून उभा होता. सुखानं त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

शेजारच्या एक आजीबाई पाळण्यात डोकावल्या. "नाकीडोळी गोड आहे हो. रंग काही अजून पक्का झाला नाही."

"कुठला एवढ्यात?" दुसरी म्हणाली. "सहा महिने तरी लागतात."

हणमंत ताडकन सरळ झाला.

आक्का बाळाच्या कानाशी वाकली. बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारले. "कुर्र..." आक्कानं सुरू केलं.

"थांब," हणमंत म्हणाला. "नाव ठेवायचं नाही."

सगळ्या जणी वळल्या. हणमंत परसात गेला होता. तो आला तो कोंबड्यांचं डालगं घेऊनच. आतली पिसंबिसं झटकत आला आणि त्यानं ते पाळण्यावर पालथं घातलं.

"कुणी हात लावू नका," तो गंभीरपणे म्हणाला. "रंग ओला आहे."

कांचननं डोळे मिटून घेतले. आक्कानं डालगं ओढून कोपऱ्यात भिरकावलं, "ह्याचं काय ऐकताय," म्हणाली आणि बाळाच्या कानात घाईघाईनं नाव सांगून टाकलं. "कुर्र, रेवती." बायकांनी धपाटे घातले. बाळानं ओठांचा चंबू केला. तोंडातून लाळेचा एक छान गोल बुडबुडा आला.

"बघा," हणमंत म्हणाला. "तरी सांगत होतो." आणि त्यानं वळून सासूबाईंपुढे हात पसरला. "एक बारीक सुई द्या."

सासूबाईंनी लेकीच्या लेकीला उचलून छातीशी धरलं. मामा सावकाश पुढे आले. त्यांनी एकदा विमानाकडे पाहिलं, एकदा जावयाकडे.

"जावईबापू, म्हणजे रंग पक्का व्हायला सहा महिने लागणार?"

"या बायकाच म्हणतात."

"तोवर जागचं हलवायचं नाही?"

"अजिबात नाही."

"कोळेगावच्या रस्त्याला धूळ फार?"

"गिरणीत तर त्याहून जास्त," हणमंत म्हणाला.

"मग दोघींना सहा महिने इथंच राहू दे. तुमचं काय मत?"

हणमंताची छाती फुगली. लग्न झाल्यापासून मामांनी त्याचं मत कधी विचारलंच नव्हतं.

"माझंही तेच मत आहे," तो म्हणाला.

"अहो, जरा विचार करून बोला," कांचन कळवळून म्हणाली.

"विचार करूनच बोललो," हणमंत म्हणाला. त्यानं स्वतः जाऊन रिक्षातल्या पिशव्या उतरवल्या, आत आणून ठेवल्या आणि रिक्षावाल्याला म्हणाला, "एकच माणूस आहे. स्टँडवर सोडा. सासरे हट्टी होते, पण पटवलं त्यांना."