मेहरूनच्या घरचं विरजण

“…मेहरून गल्ली सोडून चाललीय म्हणे. आणि त्याला कारण कोण माहितीय का? आपली शेवंताच, अगं तिनं—”

एवढ्यात नळाला पाणी आलं. बायका घागरी घेऊन पळाल्या. पुढचं वाक्य तिथंच कट्ट्यावर राहिलं.

शेवंताकाकू भिंतीच्या अलीकडं उभी होती. गल्लीत कुणाच्या घरी कुठली डाळ शिजते, कुणाच्या पोरीला बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन नुसतेच गेले, हे तिला घरबसल्या ठाऊक असायचं. पण स्वतःबद्दलचं अर्धं वाक्य कानावर पडावं आणि उरलेलं अर्धं कुणाला विचारायची सोय नसावी, असं पहिल्यांदाच झालं.

मेहरून म्हणजे बावीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली शेजारीण. ती गेली तर पलीकडून खोकल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही.

काकूनं दह्याची वाटी पदराखाली धरली आणि तडक राजव्वा अम्माचा ओटा गाठला.

राजव्वा अम्मा तेलुगू. वय ऐंशीच्या पुढं. साठ वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आलेली. शाळेचं तोंड बघितलं नाही, पण सोलापूरच्या त्या गल्लीत तेलुगू असो, कानडी असो, मराठी असो की मुसलमान, घरात काही अडलं की माणूस याच ओट्यावर येऊन टेकायचा. शेवंताकाकू तर लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या पायाशी. अम्माला रोज वाटीभर दही पोचवायचं, हा तिचा नेम.

“अम्मा, माझं चुकलं तरी काय?”

अम्मानं तेंदूचं पान कातरलं. त्यात तंबाखू भरली.

“सांग ना. रविवारी मेळा मी कुणासाठी केला? गल्लीसाठीच ना? चार भाषांची माणसं एकत्र यावीत, बोलावीत, म्हणून दारोदार फिरले. मंडप घातला. तेलुगूंचं टेबल, कानड्यांचं टेबल, आमचं, मुसलमानांचं… प्रत्येकावर पाटी. पुळीहोरा काय, कडबू काय, धपाटी काय, शीरखुर्मा काय! पेपरात फोटो आला, अम्मा.”

“टेबलं किती होती?”

“चार.”

“आणि मेळ्याच्या आधी गल्ल्या किती होत्या?”

“गल्ली एकच की आपली.”

अम्मानं विडीला दोरा बांधला.

“मेहरूनला शाल कशाबद्दल घातलीस?”

“सत्कार केला तिचा! प्रमुख पाहुणी म्हणून. शाल, नारळ, स्टेजवर माझ्या शेजारी खुर्ची. एवढा मान कुणी दिला होता का तिला आजवर?”

“पाहुणी…”

“मग? प्रमुख पाहुणी!”

“कुठून आली होती?”

काकूनं मान वळवून मेहरूनच्या दाराकडं बघितलं.

“…शेजारच्या दारातून.”

अम्मानं दुसरं पान घेतलं. ओट्यासमोरून एक सायकल गेली. एक कोंबडी गेली.

“पण मी तिला कमी काय केलं, अम्मा? दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, तिला टायफॉइड झाला तेव्हा पंधरा दिवस डबा. द्यायला मी कधी हात आखडला नाही.”

“घेतलंस काय?”

“मी कशाला घेऊ? देवाच्या दयेनं मला काही मागायची वेळ आली नाही.”

हे म्हणताना काकूची मान जरा ताठ झाली. अम्मानं ते बघितलं.

“तुझी वाटी ती रिकामी परत द्यायची?”

“छे गं! रिकामं भांडं कोण परत देतं? साखर घालून द्यायची. मूठभर तरी.”

“ती साखर कुठंय?”

काकूनं ओट्यावरचा तंबाखूचा चुरा झटकला.

ती साखर एका वेगळ्या डब्यात जायची. मोरीजवळच्या फळीवरच्या. सासूबाईंनी घालून दिलेली रीत. सासूबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली, डबा मात्र त्याच फळीवर. घरात कधी कुणी त्याबद्दल बोललं नाही, आणि चहातही ती साखर कधी पडली नाही.

“कुठंय, शेवंता?”

“…मुंग्यांनी खाल्ली.”

“मुंग्या शहाण्या,” अम्मा म्हणाली.

मग तिनं समोरची दह्याची वाटी उचलली. शांतपणे सगळं दही खाल्लं. बोटानं कडा पुसून घेतल्या. रिकामी वाटी काकूच्या हातात दिली.

“जा. मेहरूनकडून विरजण आण.”

“विरजण? अगं, घरी पातेलंभर दही आहे माझ्या.”

“ते पण आण.”

काकूनं पातेलं आणलं. अम्माच्या सांगण्याला तिनं कधी नाही म्हटलं नव्हतं. अम्मानं त्यात पाणी ओतलं, मीठ टाकलं, रवीनं घुसळलं आणि नळावरून घागरी घेऊन परतणाऱ्या बायकांना हाका मारून एकेक पेला ताक पाजलं. मघाचं वाक्य जिच्या तोंडात अर्धं राहिलं होतं, तिनं दोन पेले घेतले. “शेवंता, झकास झालंय गं!” असं वर म्हणालीसुद्धा.

पातेल्याचा तळ दिसला.

“आता घरी काय आहे?”

“काही नाही.”

“मग जा. दिवे लागले की कुणी देणार नाही.”

तेही खरंच. तिन्हीसांजेनंतर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, याबाबत गल्लीतल्या चारही भाषांचं एकमत होतं.

तिच्या दारापासून शेजारच्या दारापर्यंत सात पावलं. बावीस वर्षं काकू ती पावलं हात पुढं करून चालली होती. “मेहरून, घे गं!” असं ओरडतच ती उंबरा ओलांडायची. आज रिकामी वाटी कशी धरायची तेच तिला कळेना. उताणी धरावी तर भिकाऱ्यासारखं वाटे, पालथी धरावी तर अशुभ.

दार उघडंच होतं. खाटेवर मोठी बॅग, अर्धी भरलेली. कपाटावर रविवारची शाल. प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेली.

“या, ताई,” मेहरून म्हणाली. बसा म्हणाली नाही.

“विरजण हवं होतं.”

मेहरूननं वाटीकडं बघितलं. मग काकूकडं.

“आमच्या घरचं?”

“माझं सगळं दही अम्मानं गल्लीला पाजलं.”

मेहरून हसली नाही.

“लावून कुठं ठेवणार, ताई? त्या डब्याशेजारी?”

काकूनं वाटी दोन्ही हातांनी धरली.

“भिंत पातळ आहे,” मेहरून म्हणाली. “तुमच्या साखरेच्या डब्याच्या झाकणाचा आवाज वेगळा, माझ्या साखरेच्या डब्याचा वेगळा. बावीस वर्षं ऐकतेय.”

काकूला वाटायचं, गल्लीत कान फक्त आपल्यालाच आहेत…

बाहेर कुणीतरी रिकाम्या हंड्यावर उगाच ताल धरला होता.

“तरी वाटी का पाठवत राहिलीस?” काकूनं विचारलं.

“तुम्ही पाठवत राहिलात म्हणून.”

मेहरून आत गेली. गाडगं घेऊन आली. वाटीत चमचाभर दही टाकलं.

“अजून एक चमचा,” काकू म्हणाली.

“विरजणाला एक पुरतो.”

“हा मला.”

तिनं हात पुढं केला. तळहातावरचं दही तिनं तिथंच, उंबऱ्यात उभ्यानं खाल्लं. डोळे मिटले गेले.

“केवढं आंबट गं!”

“कालचं आहे. मागायचं तर सकाळी यायचं.”

आता मात्र मेहरूनच्या ओठाचा एक कोपरा हलला. तेवढ्यावर काकूनं धीर केला.

“गल्ली सोडू नकोस, मेहरून.”

“गल्ली? गल्ली कोण सोडतंय? विजापूरला चाललेय. लेकीचं, शबानाचं बाळंतपण आहे. उरकलं की येणारच परत.”

“आणि नळावर त्या म्हणत होत्या माझ्यामुळं—”

मेहरूननं बॅगेची चेन ओढली. ती अडकली. पुन्हा ओढली.

“दिवस भरायला अजून महिना आहे, ताई,” ती खाली बघत म्हणाली. “एवढ्या लवकर निघाले… ते तुमच्यामुळं.”

काकूनं पदरानं हात पुसला. हात कोरडा होऊनही पुसत राहिली.

“चावी अम्माकडं ठेवणार होते,” मेहरून म्हणाली. मग खुंटीवरची चावी काढून तिनं काकूच्या हातात ठेवली. “मोगऱ्याला पाणी घाला. आणि माझी कपाटं उघडून बघू नका.”

“मी कशाला बघू!”

“बघाल,” मेहरून म्हणाली. “साखर वरच्या फळीवर आहे.”

काकू ओट्यावर परत आली तेव्हा दिवेलागणीला अजून थोडा अवकाश होता. एका हातात वाटी, एका हातात चावी, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

“अम्मा, अर्धंच खरं होतं! गल्ली सोडत नाहीये ती. पण लवकर जातेय ते माझ्यामुळं, ते खरं… पण चावी दिली बघ मला. अम्मा, मला आता सगळं कळलं! पुढच्या मेळ्यात टेबलंच नकोत. प्रत्येक घरातून चमचा चमचा विरजण मागायचं, मधोमध एकच मोठं पातेलं, एकेकीचं नाव माइकवर घ्यायचं, पेपरवाल्याला आदल्या दिवशीच सांगून—”

बोलताना तिचे दोन्ही हात हवेत. वाटीतलं दही या कडेवरून त्या कडेवर.

अम्मानं सूप मांडीवरून खाली ठेवलं. काकूचं मनगट धरलं आणि वाटी हळूच ओट्यावर टेकवली.

“आधी घरी जाऊन लाव.”

“लावते. आणि मग, अम्मा?”

अम्मानं वाटीवर पान झाकलं.

“मग हलवू नकोस.”