मधाचा माग

नेझ्काच्या घरात माणसं दोनच, ती आणि तिची सतत खोकणारी आई. झाडही एकच. फार जुन्या काळच्या रूस देशात, नीपर नदीकाठच्या रानात, लिंडन नावाच्या झाडांच्या ढोलीतला मध काढून लोक जगत. खोडावर ज्याची खूण कोरलेली, त्याचं ते झाड. नेझ्काच्या झाडावर इवलीशी चिमणी कोरलेली होती.

एका सकाळी गावातले वडीलधारे रात्शा आजोबा तिच्या दारात आले. मागे सगळं गाव.

"माझ्या झाडातला मध चोरीला गेलाय. थेंबांचा माग काढत आलो, तो तुमच्या दाराशी थांबतो."

"आम्ही नाही घेतला, आजोबा!"

"मग माग पुढे ने. सूर्य मावळेपर्यंत दुसरं दार दाखव. नाहीतर रिवाजाप्रमाणे तुमचं झाड माझं."

"तरीच पोरीचे गाल एवढे गुबगुबीत!" शेजारची दोब्रावा काकू फणकारली.

नेझ्काने तिच्याकडे रोखून पाहिलं. काकूची बोटं चिकट होती का? मग एकदम तिने आईकडे पाहिलं. काल आईच म्हणाली होती, "मधाचं बोट मिळालं असतं, तर खोकला थांबला असता."

नेझ्का रडत रानात पळाली. तिथे पिवळ्या फुलांच्या घोसावर, हिरव्या-सोनेरी उजेडात, बोटाएवढी परी झुलत होती. तिचे पंख दवासारखे चमचमत होते.

"रडू नकोस, सोनुली. एक इच्छा माग."

नेझ्काने डोळे बारीक केले. "का देतेस? तुला काय हवंय?"

परी खुदकन हसली. "बाकीची मुलं आधी टाळ्या वाजवतात गं! नियम ऐक. तू सांगशील त्या दाराशी माग जाईल. खरं-खोटं मी विचारणार नाही. पण गेलेला माग परत फिरत नाही."

दोब्रावा काकूचं नाव नेझ्काच्या ओठांवर आलं. काकूची पाच लेकरं होती, आणि झाड त्यांचंही एकच.

"मी काकूला चोरताना पाहिलेलं नाही," ती हळूच म्हणाली. "मला खरं दार दाखव."

"ते तुझंच निघालं तर?"

नेझ्काने एकदा घराच्या दिशेने पाहिलं. "तरी खरंच दाखव."

सूर्य कलला तसा गाव पुन्हा जमला. आणि काय नवल! मधाचा एकेक थेंब दिव्यासारखा उजळला, त्याची सोनेरी मधमाशी झाली. माश्या भिरभिरत नेझ्काच्या दाराशी आल्या. तिने आईचा हात घट्ट धरला. माश्या दाराजवळच्या सरपणाच्या ढिगावर चढल्या आणि तिथून वर, आणखी वर.

सकाळपासून जमिनीकडे बघणाऱ्या गावाने पहिल्यांदाच मान वर केली. छपरावरच्या हिरव्या गवतात अस्वलाचं गुबगुबीत पिल्लू झोपलं होतं, नाकापासून कानापर्यंत मधाने माखलेलं!

"घ्या आता याचं झाड, आजोबा!" दोब्रावा काकू म्हणाली, आणि सगळे हसले.

रात्शा आजोबांनी टोपी काढली. "चुकलो, पोरी."

परीने मधाचा एक चमचमता थेंब आईच्या ओठांवर ठेवला. खोकला थांबला. सोनेरी माश्या गुणगुणत चिमणीच्या झाडाकडे निघाल्या, तिथेच राहायला.

"आई," नेझ्का खाली मान घालून म्हणाली, "मला तुझाही संशय आला होता."

"मलाही तुझा आला होता गं! वाटलं, माझ्या खोकल्यासाठी तूच आणलास."

दोघी एकमेकींना बिलगून हसत सुटल्या. परी तो हसण्याचा आवाज ऐकत क्षणभर थांबली, आणि मावळतीच्या केशरी उजेडात हळूहळू विरून गेली.