लठ्ठ मुंगशी, बारीक मुंगशी

एका जंगलात ओढ्याच्या काठी एक शाळा भरत असे. तिला भिंती नव्हत्या, फळा नव्हता, घंटा नव्हती. गुरुजी मात्र होते. गुरुजी म्हणजे एक म्हातारे साळिंदर. ते मुलांना वाचायला शिकवीत. आता तुम्ही विचाराल, जनावरे काय वाचणार? मुलांनो, ओल्या गाळात पाऊल उमटते. कोण आले, कोठून आले, भुकेले होते की पोट भरलेले, हे सारे त्यात लिहिलेले असते. तेच त्यांचे पुस्तक. ज्याला ते वाचता येत नाही, त्याचे जंगलात काही खरे नाही.

गुरुजी कडक होते. पाठीचा गळलेला एक काटा पंजात धरून ते पावले दाखवीत. थंडी सरू लागली की ते प्रत्येकाला एक वाट नेमून देत. ती रोज वाचायची. पळस फुलला की सगळ्या जंगलासमोर मोठ्याने वाचून दाखवायची. वाचता आली तर पुढे. नाही आली तर पुन्हा लहानांबरोबर बसायचे.

कोल्ह्याच्या पोराला पाणवठ्याची वाट मिळाली होती. तेथे रोज नवी पावले. "आज रानडुक्कर घसरून पडलं!" असे ते ओरडे आणि सगळे हसत. सशाच्या पोराला बोरीखालची वाट मिळाली. तेथे वाचता वाचता बोरे खाता येत. मुंगसाचे एक पिल्लू होते, मुलगी. त्याच्या वाट्याला आली उंचावरच्या कपारीखालची वाट. तेथे पाऊस पोचत नसे, वारा पोचत नसे. गेल्या पुरात चढलेला गाळ तेथे वाळून दगडासारखा झाला होता आणि त्यावर पावलांच्या दोनच ओळी होत्या. एक वर जाणारी, एक खाली येणारी. कोणी तुडवू नये म्हणून गुरुजींनी भोवती काटे रचले होते.

पिल्लाला तो धडा मुळीच आवडत नसे. शिळी पावले. रोज तीच. 

"वाच," गुरुजी म्हणत.

पिल्लू एका दमात म्हणून टाकी, "एक लठ्ठ मुंगशी वर गेली. एक बारीक मुंगशी खाली आली. धडा संपला."

"लठ्ठ कशावरून?"

"पावलं खोल आहेत, गुरुजी."

"आणि दुसरी बारीक?"

"तिची पावलं उथळ आहेत."

खोल पावलांच्या मधून एक बारीक, तुटक रेघ गेली होती. गुरुजी तिच्यावर काटा टेकवीत. "ही काय आहे?"

"वाऱ्यानं काडी घासली असेल."

"कपारीत वारा येतो?"

पिल्लू दुसरीकडे पाहू लागे.

"उद्या पुन्हा वाच," एवढेच गुरुजी म्हणत.

मग घरी जाताना कोल्ह्याचे पोर शेपूट उडवीत पुढे नाचे. "काय गं, आज कोण भेटली? लठ्ठ की बारीक? का दोघी मिळून फुगडी घालत होत्या?" सगळी पोरे हसत. पिल्लूही हसल्यासारखे करी.

पण त्याला खरे लागे ते दुसरेच. त्या पिल्लाला आई नव्हती. पूर ओसरल्यावर ते कपारीच्या आतल्या खोबणीत एकटे सापडले होते. काठावरची टिटवी ज्याला त्याला सांगे, "मी या डोळ्यांनी पाहिलं. पोर वर रडत होतं आणि आई त्याला टाकून खाली धावत सुटली. मागचा विचार नाही की पुढचा नाही. अशी आई!" टिटवी खोटे बोलत नसे. म्हणून सगळ्यांनी ते खरे मानले. पिल्लानेही मानले. कोणी चिडले की त्याला "टाकलेली" म्हणे. ते ऐकून न ऐकल्यासारखे करायला पिल्लू शिकले होते.

त्याला वाढवले एका म्हाताऱ्या घोरपडीने. तिला लाडीगोडी येत नसे. वाचताही येत नसे. पण ती रोज आपल्यातला अर्धा घास पिल्लापुढे सरकवी आणि तोंड फिरवून बसे.

पळसाला कळ्या धरल्या. एके दिवशी पिल्लू येऊन बिळाच्या तोंडाशी पडून राहिले.

"मी उद्यापासून शाळेत जाणार नाही, मावशी."

"का?"

"मला दुसरी वाट पाहिजे. गुरुजी देत नाहीत. सगळे हसतात."

"काय आहे त्या वाटेत?"

"एक लठ्ठ मुंगशी वर गेली. एक बारीक मुंगशी खाली आली."

घोरपडीने डोळे मिटले आणि उघडले. "मला वाचता येत नाही. तू म्हणतेस तसं असेल." थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई तुला टाकून गेली का, असं तू मला कधी विचारलं नाहीस."

पिल्लू उठून बसले. मग म्हणाले, "गेली का?"

"मी पाहिलं नाही. न पाहिलेलं मी बोलत नाही. तू खोबणीत होतीस. अंग ओलं होतं. मानेवरचे केस विस्कटलेले होते. एवढं मी पाहिलं." आणि तिने तोंड फिरवले. "मला भूक लागली आहे. ओढ्यापलीकडे खडकात खेकडे आहेत. एक थोराड बघून आण. शाळेचं मग बघू."

पिल्लू निघाले. ओढा आटत आला होता. काठचा गाळ मऊ होता. पलीकडे एका खडकाखाली त्याने खेकडा धरला. केवढा? जवळजवळ त्याच्याएवढाच. मारताना खेकड्याने नाकाला असा चिमटा घेतला की डोळ्यांत पाणी आले. पिल्लाने तो तोंडात धरला आणि मान वर करून, पाय रोवत रोवत परत आले. तो जड होता. पाच पावलांवर थांबावे लागे. काठ चढून त्याने खेकडा खाली ठेवला, दम घेतला आणि सवयीने मागे वळून गाळ वाचला.

"एक बारीक मुंगशी गेली," ते म्हणाले. "एक लठ्ठ मुंगशी आली."

त्याला हसू आले. लठ्ठ मुंगशी! दोन दिवस धड खाल्ले नाही आणि म्हणे लठ्ठ! हसता हसता ते मध्येच थांबले. त्याने पुन्हा पाहिले. जातानाची पावले उथळ. येतानाची खोल. आणि खोल पावलांच्या मधून एक बारीक, तुटक रेघ. खेकड्याची लोंबती नांगी गाळाला घासत आली होती.

खेकडा तेथेच राहिला. पिल्लू कपारीकडे पळत सुटले.

तेथे कोणी नव्हते. काट्यांशी बसून त्याने पहिल्यांदाच तो धडा सावकाश वाचला. वर जाणारे पाऊल पाहिले. डाव्या पुढच्या पायाला एक बोट कमी होते. मग खाली येणारे पाऊल पाहिले. त्यालाही तेच बोट कमी होते. इतके दिवस रोज वाचूनही त्याला ते दिसले नव्हते. पिल्लू पुढे सरकले. वाचीत राहिले. ऊन कपारीतून निघून गेले तरी ते उठले नाही. घोरपड वाट पाहून स्वतःच गेली, काठावरचा खेकडा उचलून आणला, अर्धा खाल्ला आणि अर्धा ठेवला. काही विचारले नाही.

पळस फुलला. सगळे जंगल शाळेत जमले. पोरे एकेक करून आपापली वाट वाचू लागली. कोल्ह्याच्या पोराने रानडुकराची घसरगुंडी अशी वाचली की रानडुक्करही लाजून हसले. शेवटी सगळे वर कपारीपाशी गेले.

"तयारी ठेवा," कोल्ह्याचे पोर कुजबुजले, "आता फुगडी."

"वाच," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी काटा पुढे केला. पिल्लाने तो घेतला. आजवर त्याने तो कधी हातात घेतला नव्हता.

"येथे दोन मुंगशा नाहीत," पिल्लू म्हणाले. "एकच आहे. दोन्ही ओळींत डाव्या पायाला एक बोट कमी आहे. ती लठ्ठ नव्हती. वर जाताना तिच्या तोंडात ओझं होतं, म्हणून पावलं खोल आहेत." ते एक पाऊल पुढे सरकले. "ओझं लहान होतं, पण ती दमलेली होती. दर पाच पावलांवर ती थांबली आहे. खाली मात्र एकदाही ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर येथे खूण असती. ही मधली रेघ काडीची नाही. तोंडात धरलेल्या पिल्लाची शेपटी लोंबत होती. ती रेघ माझ्या शेपटीची आहे."

कोणी हसले नाही. टिटवी एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"येथे खोबणीच्या तोंडाशी गाळ गुळगुळीत झाला आहे. येथे ती तीनदा फिरली आहे. मला आत सारलं, पुन्हा सारलं, मग निघाली. ही खाली जाणारी पावलं. टाचा टेकल्याच नाहीत. ती धावते आहे."

"मी तेच म्हणत होते," टिटवी हळूच म्हणाली. "मी धावताना पाहिलं तिला."

"बरोबर पाहिलंस, टिटवीताई. पण कुठे धावली ते वाच ना. पुरात पळणारा पाण्यापासून दूर पळतो. ही पाण्याकडे धावली आहे." पिल्लाने काटा पुढे नेला. "आणि येथे बघा. मध्येच दोन पावलं उलटी आहेत. ती थांबली. वळून वर पाहिलं. मग गेली. यापुढे गाळ धुऊन गेला आहे. पुढचं वाचता येत नाही."

कोल्ह्याच्या पोराने कान पाडले. "पण पाण्याकडे कशाला गेली गं ती?" त्याने विचारले. त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

पिल्लाला उत्तर माहीत नव्हते. ते गाळात लिहिलेले नव्हते.  मग टिटवी मान खाली घालून पुढे आली.

"माझं घरटं खाली काठावर, तुमच्या बिळाच्या शेजारीच होतं," ती म्हणाली. "बिळात पिल्लं दोन होती, पोरी. तू आणि तुझा भाऊ. मला ठाऊक होतं. तिला धावताना पाहिलं आणि तेवढंच धरून बसले. तेव्हापासून सगळ्यांना सांगत फिरले. माझं चुकलं."

पिल्लू काटा धरून उभे राहिले. त्याला रडू आले आणि त्याने ते लपवले नाही. मग त्याने गुरुजींकडे पाहिले.

"गुरुजी, तुम्हांला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

"पूर ओसरला त्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर टिटवीचं एक सांगणं आणि माझं एक सांगणं. तू कोणाचं खरं मानलं असतंस?" गुरुजी म्हणाले. "म्हणून वाट राखली. वाचायला शिकवलं. बाकीचं तुझं तू करायचं होतं." पिल्लू काटा परत करू लागले, तसे ते म्हणाले,  "पुढच्या वर्गात जा. हा काटा परत देऊ नकोस. तुझ्याकडेच ठेव."

सगळे खाली उतरले. जाताना कोल्ह्याचे पोर मागे रेंगाळले. कडेचे दोन काटे सरकले होते, ते त्याने नीट लावून ठेवले आणि न बोलता निघून गेले. घोरपड मात्र जागची हलली नाही.

"तू मानेवरचे केस विस्कटलेले होते म्हणालीस ना, मावशी," पिल्लू तिच्याजवळ येऊन म्हणाले. "तिने मला तेथेच धरलं होतं."

"हं," घोरपड म्हणाली. मग कुंपणातून आत पाहत, जरा संकोचून ती म्हणाली, "मला त्यातलं एक तरी पाऊल दाखव. कोणतं कोणतं ते मला कळत नाही."

पिल्लाने तिला काट्यांच्या फटीपाशी नेले. आईने वळून पाहिले होते तेथली ती दोन पावले दाखवली. "हे डावं. बघ, एक बोट कमी. आणि हे बघ, बोटं वरच्या बाजूला वळलेली."

घोरपडीने ते बराच वेळ पाहिले. मग कुंपणाबाहेरच्या धुळीत आपला खरबरीत पंजा दाबला, उचलला आणि उमटले का ते पाहिले.

"आणि हे?" तिने विचारले.

"ही मावशी," पिल्लाने वाचले. "इथेच थांबली. कुठे गेली नाही."

तात्पर्य : नेमून दिलेला धडा आवडत नाही म्हणून एका दमात वाचून मोकळे होऊ नये. तो आपल्यासाठी कोणी आणि का राखला, हे सावकाश वाचणाऱ्यालाच कळते.