मनोलीचा तास

एक होती मनोली. बोटाएवढं पाखरू.

पुंजाबाच्या शेतात ज्वारी असायची. पेरताना पुंजाबा म्हणायचा, "बांधाजवळची ओळ, पहिला तास, पाखरांचा!" तो तास मनोलीचा.

मग गावाजवळ आगगाडी आली. झुकझुक! दूरच्या बाजारात न्यायला तिला कापूस हवा. पुंजाबाने शेतभर कापूस लावला. पार बांधापर्यंत.

मनोलीने चोच मारली. थू! नुसते धागे!

बाकीच्या मनोल्या उडून गेल्या. ही एकटी राहिली. पोटात गुडगुड, गुडगुड.

टुण टुण टुण, मनोली शेताकडे गेली.

"शेता, शेता, माझा तास दे ना!"

शेत म्हणालं, "पुंजाबा पेरेल, तर देईन."

टुण टुण टुण, मनोली पुंजाबाकडे गेली.

"पुंजाबा, पुंजाबा, पेर ना! पुंजाबा पेरेना, शेत तास देईना, पोटातली गुडगुड जाईना!"

पुंजाबा म्हणाला, "अगं बाई, पेरू कशाने? बैल तर स्टेशनावर. बैल येतील, तर पेरेन."

टुण टुण टुण, मनोली बैलांकडे गेली.

"बैलांनो, बैलांनो, घरी या ना! बैल येईनात, पुंजाबा पेरेना, शेत तास देईना, पोटातली गुडगुड जाईना!"

बैल म्हणाले, "कापूस ओढून माना दुखल्या गं. पण आगगाडी म्हणते, आणा, आणा! ती थांबेल, तर येऊ."

टुण टुण टुण, मनोली आगगाडीकडे गेली.

"आगगाडी, आगगाडी, थांब ना! आगगाडी थांबेना, बैल येईनात, पुंजाबा पेरेना, शेत तास देईना, पोटातली गुडगुड जाईना!"

आगगाडी म्हणाली, "फूस! मास्तर लाल झेंडी दाखवतील, तर थांबेन."

टुण टुण टुण, मनोली स्टेशनमास्तरांकडे गेली.

"मास्तर, मास्तर, झेंडी दाखवा ना! मास्तर झेंडी दाखवीनात, आगगाडी थांबेना, बैल येईनात, पुंजाबा पेरेना, शेत तास देईना, पोटातली गुडगुड जाईना!"

मास्तर होते शहरातले. त्यांना घड्याळातलाच तास ठाऊक.

"तास हवा? कोणता? नऊचा की दहाचा?"

"पहिला!"

"पहिला म्हणजे एकचा. बरं, घे तुझा एक तास. रडू नकोस."

टण्ण! एकचा टोला पडला.

मास्तरांनी झेंडी दाखवली. आगगाडी थांबली. बैल घरी आले. पुंजाबाने पेरलं.

एका तासात किती पेरणार? एकच तास.

कूऽऽक! शिटी झाली. बैल पुन्हा निघाले.

दव पडलं. कोंब आला. कणीस आलं. इकडे कापूस, तिकडे कापूस, बांधाजवळ ज्वारीची एक ओळ. शेताने तास दिला.

मनोली कणसावर बसली. टचटच, टचटच. पोटातली गुडगुड गेली.

अर्धं कणीस तिने तसंच ठेवलं. आभाळाकडे बघितलं.

बाकीच्या मनोल्या येतील, तर खातील.