कोंबड्या आणि दरबार

खडकपूरच्या अंबू कासारणीला संमोहनाचं वेड लागलं. गुरू कुठला? कोंबडीपुढे खडूची रेघ ओढून तिला गुंगवायचं, एवढंच ती आपल्या आपण शिकली होती. हे महाराजांच्या कानावर गेलं.

"मला गुंगवून दाखव, नाहीतर हद्दपार!"

अंबूनं सिंहासनापुढे रेघ ओढली. महाराज टक्क जागेच. ते खदाखदा हसले, तसा अख्खा दरबार हसला. त्यांनी बोट उचललं, सगळे एकदम गप्प.

"हरलीस!"

"हरले, सरकार. आपण तर रेघ न ओढताच एवढ्यांना गुंगवलंत. एवढंच शिकवा, माझ्या कोंबड्या टाळी वाजवली की भानावर येतात. ही मंडळी कशानं येतात?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. या खेपेला महाराज अजून हसले नव्हते.