पान उलटताना

गोष्ट आहे एका वृद्ध इतिहासपंडितांची आणि त्यांच्या हट्टी शिष्याची. शिष्याने सहा वर्षे दप्तरे चाळून एका डोंगरी गडाचा इतिहास सिद्ध केला. गड कोणत्या तिथीला पडला, हे त्यानेच प्रथम शोधून काढले. आता गुरूंनी प्रस्तावना दिली की ग्रंथ छापायला मोकळा.

गुरूंनी काय करावे? हस्तलिखित आठ दिवस वाचले, बाजूला ठेवले आणि त्याच गडावरची एक जुनी कादंबरी शिष्याच्या हाती दिली. डोळे थकलेत, रोज दुपारी वाचून दाखव, प्रस्तावनेचे मग पाहू, म्हणाले.

शिष्याने नाक मुरडले. कादंबरी म्हणजे त्याच्या लेखी निव्वळ थापा. पहिल्याच दुपारी किल्लेदाराच्या घरी बटाट्याची भाजी शिजली आणि शिष्याची स्वारी अडली. त्या काळी इकडे बटाटा होता कुठे? भाजी ताटात राहू दे, पुढचे वाढ, असे म्हणून गुरू हसले.

चौथ्या दिवशी चुका काढणे थांबले. सहाव्या दिवशी तर पठ्ठ्या वेळेआधीच हजर! गडाला वेढा पडला होता, टाकी आटली होती. रखमाजी नावाचा म्हातारा पाणक्या मदत आणायला कडा उतरून गेला होता. एके सकाळी दूरवर धूळ दिसली, आणि शिष्याने पुस्तकात बोट घालून ते मिटले. घसा बसला, उरलेले उद्या, म्हणाला.

"अरे, गड पडल्याची तिथी तूच शोधलीस ना? मग पान उलटायला का भितोस?"

शिष्याचे डोळे भरून आले. "ठाऊक आहे हो सगळं. तरी वाटतं, या खेपेला तरी रखमाजी वेळेवर पोचावा."

गुरू प्रसन्न झाले. "हेच तर सुख आहे, बाळा. शेवट आपल्याला ठाऊक असतो, त्या माणसांना नव्हता. ती रोज आशेने उठत होती. चांगला कादंबरीकार आपल्याला त्यांच्या शेजारी नेऊन बसवतो. त्याचा बटाटा तू सुधारशील रे, पण तुझ्या ग्रंथात माणूसच नाही, त्याचं काय?"

शिष्याने शेवटचे प्रकरण वाचून दाखवले. गड त्याच तिथीला पडला. मग आपले हस्तलिखित काखेत मारून तो उठला. गुरूंनी विचारले, प्रस्तावना नको का?

"एवढ्यात नको. रखमाजी कल्पित असेल, पण गडावर पाणी वाहणारी माणसं खरी होती. त्यांची नावं मी चाळलेल्या दप्तरांत आहेत. ती पानं मी भराभर उलटली होती."

तो गेला, आणि गुरूंनी त्याच दुपारी प्रस्तावना लिहायला घेतली.