आपल्याच दारात पाहुणी

एकदा एक वृद्ध गृहस्थ आपल्या शिष्येकडे चहाला गेले आणि तिला तिच्याच घरातून बाहेर काढून बसले.

हे गृहस्थ, गावाचे अप्पा, टेलिफोन खात्यात चाळीस वर्षे काढून निवृत्त झालेले. तारांची आणि यंत्रांची विद्या शिष्येला त्यांनीच दिलेली. ती आणि तिचे चार सवंगडी, जो तो आपापल्या गावातून, संगणकावर सांघिक युद्धखेळ खेळत. त्या रविवारी अंतिम सामना होता आणि यजमानपद तिच्याकडे होते. खेळ तिच्या संगणकावर चालायचा आणि बाकीच्यांनी इंटरनेटवरून, तिच्या घरच्या राउटरमधून आत यायचे. नियम मोठा कडक होता. पाच वाजेपर्यंत पाहुण्यांना आत घेता आले नाही, तर यजमान संघ हरला.

प्रतिस्पर्धी संघाचा नायक एक कापडाचा व्यापारी होता. त्याने आदल्या दिवशी निरोप धाडला, "ताई, तुमच्या गावात धड एसटी येत नाही, आम्ही कुठून येणार?" हा टोमणा तिला भलताच झोंबला होता.

"अप्पा, सगळं चोख आहे," ती चार वाजता चहा देत म्हणाली. "आत्ताच स्वयंपाकघरातून फोनवर आत गेले, ओसरीवरून लॅपटॉपवर गेले. तीनदा बघितलं."

अप्पांनी बशीतला चहा शांतपणे संपवला. "चपला घाल."

"का?"

"घाल आणि बाहेर हो. फोनवरचं घरचं वायफाय बंद कर, सिमचं नेट लाव. त्या पिंपळापाशी उभी राहा आणि पाहुण्यांना दिलायस त्याच पत्त्यावरून आपल्या खेळात ये."

ती उंबऱ्याबाहेर पडताच म्हाताऱ्याने आतून कडी घातली!

पिंपळाखाली ती मनातून चरफडत उभी राहिली. फोनवरचे चक्र फिरत राहिले आणि शेवटी 'संपर्क होत नाही' अशी अक्षरे उमटली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ती धावत आली आणि दार ठोठावू लागली.

"कोण पाहिजे?" आतून प्रश्न आला.

"अप्पा, थट्टा नको! कुणालाच आत येता येत नाहीये!"

चूक सापडायला वेळ लागला नाही. आलेल्या पाहुण्यांना कोणत्या संगणकाकडे न्यायचे, त्याचा क्रमांक तिने काल राउटरला सांगून ठेवला होता. सकाळी वीज गेली, परत आली आणि राउटरने तिच्या संगणकाला नवाच क्रमांक दिला. पाहुणे जुन्याच क्रमांकाकडे, म्हणजे रिकाम्या जागी, पाठवले जात होते. तिने आता संगणकाचा क्रमांक कायमचा बांधून टाकला आणि राउटरलाही तोच सांगितला.

"पण घरात तर सगळं चालत होतं!" ती म्हणाली.

"घरातल्यांना उंबरा ओलांडावाच लागत नाही, पोरी. ती यंत्रं एकमेकांना आतल्या आत भेटतात," अप्पा म्हणाले. "आम्हीही केंद्रात बसून लाईनी तपासायचो. आमच्या नोंदवहीत एका वाडीचा फोन वर्षभर चालू होता. एक दिवस तिथली बाई चार कोस चालत आली आणि म्हणाली, साहेब, माझा फोन मुका आहे. मान खाली गेली माझी. तेव्हापासून मी तक्रारवाल्याच्या घरी जाऊन तिथून फोन लावायला लागलो. दार उघडं आहे की नाही, हे आतल्याला कळत नाही. बाहेर उभं राहिलेल्याला कळतं."

या वेळी कुणी सांगण्याआधीच शिष्येने चपला घातल्या. पिंपळाखालून तिने पुन्हा तोच पत्ता लावला आणि अशी काही आरोळी ठोकली, की शेजारची म्हैस दावे ओढून उभी राहिली. "आले! अप्पा, मी आत आले!"

पाचला दहा कमी असताना पाहुणे एकेक करून येऊ लागले. सर्वांत शेवटी व्यापारी आला. मग तिच्या संघाने त्याला त्या दिवशी असा काही धुतला, की तिसऱ्या डावानंतर त्याने स्वतःच हात टेकले. ओसरीवर अप्पा टाळ्या वाजवत होते, आणि सामन्यातले त्यांना ओ की ठो कळलेले नव्हते.

संध्याकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. आवाजातला तोरा उतरला होता. "ताई, मानलं तुम्हाला. पुढचा सामना आमच्याकडे ठेवतोय. घरी सगळं लावलंय, बायकोच्या फोनवरून छान चालतंय. आणखी काही बघायला हवं का?"

ती अप्पांकडे पाहून हसली.

"बघायला हवं, शेठ. आधी चपला घाला."